रावस, सामन आणि वाट दाखवणारा गडी

अलिबागच्या मासळीबाजारात मी गेली वीस वर्षे एकाच मावशींकडून मासे घेते. पाटीत रावस असला की त्या लांबूनच हाक मारतात, "ताय, रावस बघ, आताच उतरलाय." त्यांच्या हाताची सफाई, तुकडे पाडतानाचा कोयत्याचा नेमका घाव, उधारी तोंडपाठ ठेवण्याची रीत हे सारे मला ठाऊक आहे. त्यांचे नाव मात्र ठाऊक नव्हते. वीस वर्षांत विचारावेसे वाटले नाही, हे लक्षात यायला मला स्कॉटलंडमधल्या एका नदीवर जाऊन यावे लागले.

२०१९च्या दिवाळीत समुद्राकाठच्या एका हॉटेलात आम्ही जेवायला गेलो होतो. तिथल्या पदार्थांच्या यादीत रावसापुढे 'इंडियन सामन' असे छापलेले होते. माझा चौदा वर्षांचा मुलगा ते वाचून थबकला. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये, गुडघाभर थंड पाण्यात उभे राहून, त्याने एक अख्खा दिवस सामनची वाट पाहिली होती. "आई, हा तोच मासा का?" त्याने विचारले. "तोच असेल तर आपण एवढ्या लांब कशाला गेलो होतो?"

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर प्राणिशास्त्र एका शब्दात देते : नाही. सामन आणि ट्राउट यांचे कूळ वेगळे, रावसाचे वेगळे. रावसाच्या छातीच्या परांखाली चार मोकळे तंतू असतात. कोकणच्या गढूळ किनारी पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो, तेव्हा या तंतूंनी चाचपत तो कोळंबी शोधतो. १८०४ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याला जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थही 'चार बोटांचा' असाच आहे. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, दूर समुद्रात वाढतो आणि विणीसाठी पुन्हा आपल्याच नदीला येतो. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर बाळंतपणाला माहेरी येतो. रावसाचे आयुष्य किनाऱ्यालगतच जाते, आणि त्याची खासियत अशी की तो आरंभी नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो. तेव्हा दोघांचे नाते रक्ताचे नाही; जे आहे ते केवळ नावाचे. ते नाव आले कुठून, आणि मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग, 'एवढ्या लांब कशाला गेलो', या दोहोंचा शोध घेताना जे हाती लागले, ते या लेखात मांडते आहे.

आधी त्या दिवसाविषयी. माझे दीर नोकरीनिमित्त ॲबरडीनला राहतात. बारा दिवसांच्या सहलीत किल्ले, सरोवरे, एडिंबरा असे सर्व बसवून त्यांनी भाच्या-पुतण्यांच्या हौसेखातर एक दिवस डी नदीवर वाटाड्यासह सामनच्या मासेमारीसाठी राखला होता. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. स्कॉटलंडमध्ये रविवारी सामन धरायला कायद्याने आजही मनाई आहे, म्हणजे दिरांच्या सुट्टीचा हक्काचा दिवस बाद. डी नदीवरचा हंगाम १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर. नदी पट्ट्या-पट्ट्यांत विभागलेली, प्रत्येक पट्ट्याचा मालक निराळा आणि एका दिवसाला ठरावीकच गळकाठ्यांना परवानगी. आमच्या वाट्याला दोन आल्या. दोन काठ्या आणि सात माणसे, म्हणजे उरलेल्या पाचांनी दिवसभर करायचे काय, हा खरा कौटुंबिक प्रश्न. नदीकाठी लाकडी झोपडी होती, तिच्यात चहाची सोय होती, म्हणून तो कसाबसा सुटला.

सासूबाईंनी त्याहून मूलभूत प्रश्न काढला होता. त्या पट्ट्यावर पकडलेला प्रत्येक सामन नदीत परत सोडायचा नियम होता. हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "पैसे भरायचे, थंडीत कुडकुडायचे, मासा धरायचा आणि सोडून द्यायचा? मग गेलात कशाला?" आम्ही हसलो. आज वाटते की तो दिवसातला सर्वांत शहाणा प्रश्न होता.

आम्हाला नेणारे गृहस्थ साठीचे असावेत. तिकडे या वाटाड्याला 'गिली' म्हणतात. आमच्या आधी येऊन त्यांनी पाण्याची पातळी पाहिली होती, रात्रीच्या पावसाने पाणी किती चढले आणि दुपारी किती उतरेल याचा हिशेब केला होता. कोणत्या खडकामागे मासा विसावतो, सावली पाण्यावर पडू न देता कुठे उभे राहायचे, काठी खांद्यावरून कशी फिरवायची, हे त्यांनी मुलाला न कंटाळता शिकवले. मासा लागलाच तर हात आधी ओले करायचे, त्याला पाण्याबाहेर काढायचे नाही, गळ काढून प्रवाहाकडे तोंड करून धरायचे आणि त्याच्या अंगात बळ आले की सोडायचे, हेही दाखवले. मासा लागलाच नाही. संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, बहुतेक दिवस असेच जातात. सासूबाईंनी दिरांकरवी त्यांची चौकशी केली तेव्हा कळले की वडील आणि आजोबाही याच नदीवर हेच काम करत. निघताना आम्ही त्यांच्यासोबत छायाचित्र काढले. त्यांचे नाव, पत्ता, इतकेच काय, त्यांच्या कुत्र्याचे नावही माझ्या डायरीत आहे.

परत आल्यावर मी 'गिली' या शब्दामागे लागले. मूळ शब्द गेलिक भाषेतला. अर्थ मुलगा, पोर, आणि मग नोकर. डोंगराळ मुलखातल्या सरदाराच्या मागे जो पोऱ्या असे तो गिली. त्याचा मराठी प्रतिशब्द शोधताना मला 'गडी' आठवला. आपला गडी म्हणजे घरातला नोकर, आणि आपला गडी म्हणजे खेळातला सोबतीही. एकाच शब्दात चाकरी आणि सवंगडीपण नांदते. पैसेवाल्याच्या खेळासाठी ज्याची चाकरी लागते, पण खेळ चालू असेतोवर जो बरोबरीचा भासतो, त्या माणसाला याहून चपखल शब्द सापडणार नाही.

या गड्याला प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. व्हिक्टोरिया राणीने डी नदीकाठचे बाल्मोरल १८४८ साली भाड्याने घेतले आणि १८५२ साली ते विकत घेण्यात आले. पुढे रेल्वे आली, आणि उन्हाळ्याअखेर उत्तरेकडे जाऊन हरणे मारणे व सामन धरणे ही इंग्रज धनिकांची रीत झाली. बाल्मोरलचा जॉन ब्राउन हा गिली तर राणीच्या मर्जीमुळे इतिहासात नावानिशी शिरला. परंतु या नद्या 'खेळासाठी' रिकाम्या कशा झाल्या, ही कथा त्याच्या आधीची आहे. उत्तरेकडील सदरलंड परगण्यात नेव्हर नदीचे खोरे जमीनदारांनी १८१४ आणि १८१९ साली कुळांकडून खाली करून घेतले. मेंढ्यांचे कळप पाळणे कुळांच्या शेतीपेक्षा फायद्याचे होते. घरांना आगी लावल्या गेल्या. हुसकलेल्या कुटुंबांना समुद्रकाठी तुटपुंजे जमिनीचे तुकडे देऊन सांगण्यात आले, आता मासे धरून जगा. पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारी माणसे खवळत्या समुद्राला तोंड द्यायला शिकली, किंवा बोटीत बसून कॅनडाला गेली. नेव्हर आज सामनच्या हौशी शिकाऱ्यांची आवडती नदी आहे. तिच्या काठाची शांतता पाहुण्याला निसर्गाची वाटते. ती पुष्कळशी माणसांना उठवून मिळवलेली आहे.

कायद्याचीही एक गंमत पाहा. स्कॉटलंडमध्ये सामन धरण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी, वंशपरंपरेने चालणारी, विकता-विकत घेता येणारी मालमत्ता आहे. काठावर ज्याचे शेत आहे त्याला समोरच्या पाण्यातला सामन धरण्याचा हक्क असेलच असे नाही. आमच्या कोळीवाड्यांत डोलीच्या जाळ्याचे खांब समुद्रात कुणी कुठे रोवायचे, हेही पिढ्यांच्या वहिवाटीने ठरलेले असते. दोन्हीकडे पाण्याला मालकी आहे. तिकडची सरकारी दप्तरात लिहिलेली आहे, इकडची बहुतांशी गावाच्या स्मरणात.

आता नावाकडे येऊ. ज्या काळात सामनची शिकार हे विलायतेतील प्रतिष्ठित कुटुंबाचे लक्षण ठरत होते, त्याच काळात त्या कुटुंबांतले धाकटे पुत्र हिंदुस्थानात कलेक्टर, न्यायाधीश, लष्करी अधिकारी म्हणून येत होते. त्यांनी बरोबर गळकाठ्या आणल्या. सामन आणता येणे शक्य नव्हते. मग त्यांनी इथल्या माशांत सामन शोधायला सुरुवात केली. नदीत त्यांना महसीर सापडला. मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, तो इंग्रज शिकाऱ्यांचा जणू धर्मग्रंथ बनला. झुंज देण्यात महसीर सामनहून सरस, हे टॉमसचे मत पुढे सर्वत्र उद्धृत झाले. महसीराला हिंदुस्थानचा सामन म्हणू लागले. समुद्रात तेच बिरुद रावसाला मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड किनाऱ्यावर रावसाला 'निळा सामन' म्हणतात, आणि त्या खंडाच्या दक्षिणेला जो 'ऑस्ट्रेलियन सामन' मिळतो तो सामन नव्हेच, आणि रावसही नव्हे. तिसऱ्याच कुळातला मासा आहे. साम्राज्य जिथे जिथे गेले तिथे तिथे एक सामन निघाला. घर सोडून आलेल्या माणसाला नव्या मुलखात जुनी नावे लावण्याचा मोह होतो, हे समजण्यासारखे आहे. आपली माणसेही न्यू जर्सीत मिळेल त्या पालेभाजीला चवळई म्हणतात. फरक एवढाच की तिथल्या बाजारात ती भाजी चवळई म्हणून विकली जात नाही. सत्ता हाती असलेल्याच्या घरओढीने ठेवलेले नाव मात्र यादीत छापले जाते, आणि शंभर-दीडशे वर्षांनी आमच्याच मुलाला आमचाच मासा परकीय माशाची प्रत म्हणून भेटतो.

याला एक सन्मान्य अपवाद आहे. मुंबई सरकारचे आकडेवारी-अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी अनेक जातींना लॅटिन नावे देताना स्थानिक मराठी शब्दच घेतले. त्यामुळे दख्खनचा महसीर शास्त्रात 'खुद्री' या नावाने नोंदला गेला, आणि मसुला, पोटील, फुलंगी, नुकटा असे आपल्या नद्यांकाठचे शब्द थोड्याफार अपभ्रंशासह आजही जगभरच्या प्राणिसंग्रहालयांच्या नोंदवह्यांत आहेत. कुणा भोयाने किंवा कोळ्याने पाटीतला मासा दाखवून साहेबाला ते नाव सांगितले असणार. शब्द टिकला, सांगणारा माणूस टिपणात आला नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की करमणुकीसाठी मासे धरणे ही कल्पनाच विलायती, आपल्याकडे मासेमारी फक्त पोटासाठी. तसे नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांना 'मानसोल्लास' परिचित असतो तो बहुधा ओवीच्या उल्लेखासाठी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा संस्कृत ग्रंथ ११२९च्या सुमाराचा. कांडताना महाराष्ट्रातल्या स्त्रिया ओवी गातात, ही त्यातली नोंद आपण वाङ्मयेतिहासाच्या तासाला सांगतो आणि पुढे सरकतो. त्याच ग्रंथाच्या 'विनोद' विंशतीत राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असा स्वतंत्र भाग आहे. मासे कोणते, त्यांना काय चारावे, दोरी आणि काठी कशी असावी, गळाला लागलेला मासा कसा खेळवावा, हे त्यात सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५०च्या सुमारास या भागाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्रजीतला गळाच्या शिकारीचा सर्वांत विख्यात ग्रंथ, आयझॅक वॉल्टनचा, १६५३ सालचा. आपला राजा त्याच्या पाच शतके आधी हेच लिहीत होता.

याचा अभिमान बाळगावा की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मला त्यात दिसते ते साम्य. राजाचा विनोद, साहेबाचा 'स्पोर्ट' आणि आमच्या सहलीतला एक दिवस, या तिन्हींत मासा कुठे आहे हे माहीत असणारा माणूस वेगळा आणि मासा धरल्याचा आनंद लुटणारा माणूस वेगळा. ज्ञान पहिल्याचे, लेखन दुसऱ्याचे. कांडणाऱ्या स्त्रीची ओवी आणि मासे चारणाऱ्या कोळ्याची विद्या एकाच ग्रंथात आली. दोघांपैकी कुणाचेच नाव आले नाही.

प्रवासाविषयीही असेच म्हणता येईल. मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेत मानाचे पान असलेला 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे आमच्याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या वरसईचे. १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले ते यज्ञाच्या निमित्ताने दक्षिणा मिळेल आणि घरावरचे कर्ज फिटेल या आशेने. वाटेत बंडाचा वणवा भेटला, हे त्यांचे दुर्दैव आणि आपल्या वाङ्मयाचे भाग्य. चिंतामण विनायक वैद्यांनी ते पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले. रायगडच्या माणसाचा प्रवास तेव्हा पोटासाठी होता, किंवा पुण्यासाठी. केवळ पाहण्यासाठी, भोगण्यासाठी सहकुटुंब परदेशी जाणे ही आमच्या घरात माझ्याच पिढीने केलेली पहिली गोष्ट. त्यामुळेच ती करताना कसे वागायचे याचे संस्कार आमच्याजवळ नाहीत. तिकडे गेल्यावर आम्ही तिकडच्यासारखे नम्र, जिज्ञासू, आभार मानणारे होतो. इकडे परतलो की पुन्हा गिऱ्हाईक होतो.

आता आमचा किनारा पाहा. मांडवा ते अलिबाग, पुढे चौल-रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड ही ओळ मुंबईकरांच्या सुट्टीची आहे. तशी ती जुनीच. किहीमला मुंबईच्या सुखवस्तू कुटुंबांची घरे होती, आणि तिथेच राहून सालीम अलींनी १९३०च्या सुमारास सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि शनिवार-रविवारची गर्दी आणखी वाढली. जंजिऱ्याला शिडाच्या होड्यांतून नेणारे, वाळूवर घोडागाडी हाकणारे, समुद्रात डॉल्फिन दाखवणारे हात बहुधा याच गावांतले. ज्या घरात काल तांडेल होता, त्या घरात आज वाटाड्या आहे. तांडेल हा शब्दही एकदा साहेबाच्या भाषेत गेला होता. १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशात तो 'टिंडल' या रूपात सापडतो, खलाशांच्या मुकादमाच्या अर्थाने. समुद्र वाचणाऱ्याचा शब्द जहाजावरचा हुद्दा झाला.

याच जिल्ह्यात याची काळी बाजूही आहे. उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना उठवून हनुमान कोळीवाड्यात वसवले गेले, आणि तिथल्या घरांना वाळवीने पोखरल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. बंदराच्या विस्तारामुळे उपजीविका बुडाल्याबद्दल चार गावांतील १,६३० मच्छीमार कुटुंबांना भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला. नेव्हरच्या खोऱ्यात शेतकऱ्याला रेटून समुद्राकडे ढकलले. उरणला कोळ्याला समुद्रापासून मागे सारले. दिशा उलट, तत्त्व एकच : पाण्याचे मोल वाढले की पाण्याजवळचा माणूस आधी हलवला जातो.

पेण-अलिबागच्या खारेपाटात गावतळ्यांमध्ये जिताडा वाढवतात. घरी मोठा पाहुणा यायचा असला की तळ्यातला जिताडा काढतात. कुणाला जिताडा पोहोचवला यावरून गावात त्याची पत कळते. हाच मासा ऑस्ट्रेलियात 'बारामंडी' म्हणून ओळखला जातो आणि तो धरण्यासाठी वाटाड्यासह सहली निघतात. आमचे एखादे कुटुंब उद्या डार्विनला जाऊन, पैसे भरून, पहाटे उठून आपल्याच तळ्यातला जिताडा धरून येईल आणि इथे येऊन कौतुकाने छायाचित्रे दाखवील. एक गोष्ट मात्र तिकडे बरी झाली. बारामंडी हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे, आणि तो साऱ्या देशाच्या बाजारात चालतो. रावस हा शब्द तितकाच सोपा, तितकाच सुंदर असताना त्याला 'इंडियन सामन' या उसन्या ओळखीची गरज का भासावी?

त्यात आता एक विचित्र विसंगती आली आहे. ज्या माशाचे नाव आपण मानाचे म्हणून मिरवतो, तो मूळ मासा स्वतःच्या घरी संकटात आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटिक सामनला 'संकटसमीप' ठरवले, आणि ग्रेट ब्रिटनमधल्या सामनला तर थेट 'संकटग्रस्त' वर्गात घातले. २०१५पासून स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सामन परत सोडणे सक्तीचे आहे. पुढच्या महिन्यांचे नियम त्या त्या नदीच्या स्थितीनुसार दरवर्षी ठरतात. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तो मासा आता खाण्यासाठी उरलेला नाही. तो भेटण्यासाठी उरला आहे, आणि भेटीचे पैसे नदी राखायला लागतात. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नारळीपौर्णिमेला नारळ वाहून समुद्राला मान देण्याची चाल तर त्याहून कितीतरी जुनी. मासा राखण्याचे शहाणपण आयात करावे लागेल, अशी आपली स्थिती कधीच नव्हती. मावशी सांगतात, पूर्वीसारखा हातभर रावस आता रोज येत नाही. कशामुळे, ते मी त्यांच्या तोंडून ऐकायला हवे होते. मी फक्त भाव विचारत राहिले.

मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग अजून शिल्लक आहे : मग एवढ्या लांब कशाला गेलो? माझ्या परीने त्याचे उत्तर मी पुढच्या मोसमात शोधले. आमच्या महाविद्यालयात रेवदंड्याचा एक विद्यार्थी होता. त्याचे वडील तांडेल. त्याच्या ओळखीने पावसाळा संपल्यावर एका पहाटे मी आणि मुलगा त्यांच्या होडीतून कुंडलिकेच्या मुखाबाहेर गेलो. मी भीतभीत पैशांचे विचारले. ते म्हणाले, "पैसे कसले? पर म्यॅडम, मासा धरून परत सोडायचा आसंल तर नका येऊ." मी सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या मनापासून हसल्या. त्या दिवशी तांडेलांनी मुलाला उधाण आणि भांग यांतला फरक शिकवला. पाण्याच्या रंगावरून तळ गाळाचा की खडकाचा हे कसे ओळखायचे ते दाखवले. तो डी नदीवर जितक्या गंभीरपणे ऐकत होता तितक्याच गंभीरपणे ऐकत होता. कारण एकदा एका गड्याचे ऐकायला तो शिकला होता. परदेशीच्या त्या दिवसाची किंमत मला तिथे वसूल झाल्यासारखी वाटली.

तेव्हापासून आमच्या मराठी विभागात एक लहानसा उद्योग चालू आहे. किनाऱ्यावरच्या गावांतले विद्यार्थी आपल्या घरातून माशांची, वाऱ्यांची, जाळ्यांची, भरती-ओहोटीची नावे लिहून आणतात. प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहायचा, आणि तो कुणी सांगितला हे त्या व्यक्तीला विचारून नावानिशी लिहायचे, एवढाच नियम. साइक्सच्या टिपणात जो रकाना नव्हता, तो आमच्या वहीत आहे.

वहीचा आरंभ करायच्या आधी मी मासळीबाजारात गेले आणि मावशींना त्यांचे नाव विचारले. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. "नाव कशाला गो? पावती फारतेस काय?" मग हात पुसून त्यांनी नाव सांगितले, सासरचे आणि माहेरचे दोन्ही. ते इथे छापण्याची त्यांची परवानगी मी घेतलेली नाही. माझ्या डायरीत मात्र ते आहे, त्या गिलीचे नाव ज्या पानावर आहे त्याच पानावर, त्यांच्या कुत्र्याच्या नावाखाली. आधी यायला हवे होते, तिथे जागा उरली नव्हती.